कोळशावर दळलेलं

वारा लागला की विस्तिन झेरफा
पवनचक्कीच्या गच्चीवर चढायचा
आणि टोक फोडलेला शंख फुंकायचा.
पूजेचा नव्हे, दळणाचा.
मग चुनखडीच्या बांधांवरून बाया निघायच्या,
डोक्यावर जवाची, गव्हाची गाठोडी,
वाटेत भांडत, कुणाचा नंबर आधी.
वारा पडला तर गाव दोन दिवस शिळं खाई
आणि दोष कुणालाच देत नसे.

गिरणी माल्टाच्या बंदरात आली ती जहाजातून,
तुकड्या-तुकड्यांनी.
बॉयलर उतरवताना धक्क्याचा दगड खचला.
अजून खचलेलाच आहे, पाणी साचतं तिथे.
गिलख्रिस्ट नावाचा इंजिनवाला सोबत होता.
त्याला बेटाची भाषा येईना,
त्यानं हातानंच दाखवलं:
इथे आग, इथे पाणी, इथे तुम्ही.

चिमणी घुमटाहून उंच नको,
असं पाद्रीबाबांचं म्हणणं पडलं.
चार हात कमी केली.
मग धूर खिडकीतूनच शिरू लागला, थेट वेदीपर्यंत.

गहू तागानरोगचा, कोळसा कार्डिफचा,
जात्याचा दगड फ्रान्सचा, मालक लंडनचा,
बिस्किटं आरमाराची, म्हणजे सगळ्या समुद्रांची.
बेटाचा घाम. आणि बेटाचाच कर,
दर सालम्यामागे,
आधी भरायचा, मग चावायचं.

पीठ मात्र स्वस्त झालं. ते लपवू नये.
पांढरं, मऊ, खडा नसलेलं.
कोपऱ्यावरच्या रोका म्हातारीनं
आयुष्यात पहिल्यांदा पांढरा पाव खाल्ला
आणि म्हणाली, याला चवच नाही,
आणि दुसरा तुकडा मागितला.

विस्तिनचा थोरला, स्पीरू, भट्टीवर लागला.
बापानं सहा महिने बोलणं टाकलं.
सातव्या महिन्यात चक्कीच्या पात्यांचं कापड
होडीवाल्यांना विकलं, आणि एवढंच म्हणाला:
"वारा निदान दम खात होता."

भोंगा पहाटे चारला.
त्याला वारा लागत नाही,
संतांचे सण लागत नाहीत,
काटारिनच्या कळा तर नाहीतच.
ती बाळंत झाली तेव्हा नवरा कोळसा ओढत होता.
मुलगी झाल्याचं त्याला दुपारच्या भोंग्यानंतर कळलं.
हात पोत्याला पुसून तो तसाच धावला,
अर्धा काळा, अर्धा पांढरा.
मुलगी त्याला बघून रडली नाही.
शिंकली.

ती शिंकलेली मुलगी माझी पणजी.

सुपातल्यांनी हसायचं, जात्यातल्यांनी रडायचं,
हे जुनं झालं.
हे जातं कुणाच्या हातात नव्हतं,
खुंटाच नव्हता त्याला, धरून थांबवायला.

बॉयलर फुटला त्या दिवसाची नोंद मी पाहिली,
वाळवीनं कडा खाल्लेली वही, सुरेख वळणदार अक्षर:
"पोती भिजली, एकोणीस.
पट्टा तुटला, एक.
माणसं, दोन."
ह्याच क्रमानं.
पोत्यांवर नंबर होते. माणसांवर नव्हते.
एक स्पीरू झेरफा, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.
दुसरा कोण, ते मी अकरा वर्षं शोधते आहे.
थडगी वाचली, बाप्तिस्म्याच्या वह्या वाचल्या,
खलाशांच्या बायकांची पेन्शनची पत्रं वाचली.
कुणी म्हणतं सिसिलीहून आलेला पोरगा होता,
कुणी म्हणतं, असा कुणी नव्हताच,
कारकुनाची चूक.
कारकून पोती मोजताना चुकला नव्हता.

बॉम्ब पडले तेव्हा गिरणीची उत्तरेची भिंत उरली.
आता तिच्या सावलीत जाळी विणतात,
उन्हाळ्यात पोरं तिच्यावरून पाण्यात उड्या मारतात.
चिमणी नाही. घुमटावरची काजळी आहे,
धुऊन जात नाही, तीनदा धुतली.

शंख माझ्याकडे आहे.
फुंकता येत नाही मला, नुसती थुंकी उडते.
जोराचा वारा सुटला
की तो स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ठेवते,
दार आपटू नये म्हणून.